चाळीस दगडांची पेटी आणि खानदेशाचा एकुलता एक तुकडा

गेल्या जून महिन्यात शाळेच्या भूगोल कक्षासाठी मी खडक व खनिजांच्या नमुन्यांची एक पेटी जळगावच्या एका शालेय साहित्य विक्रेत्याकडून ३,२०० रुपयांना विकत घेतली. वर्षभर नववी-दहावीच्या वर्गांत ती वापरून झाल्यावर, आता तिच्याविषयी सविस्तर लिहिण्याइतका अनुभव माझ्या गाठीशी आहे. आमची शाळा यावल तालुक्यात, केळीच्या बागांच्या मधोमध आहे. विद्यार्थ्यांना दगड म्हटला की काळा पाषाण किंवा क्रशरवरची खडी आठवते, आणि ग्रॅनाईट म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. अशा मुलांच्या हाती अस्सल नमुने द्यावेत एवढ्याच हेतूने ही खरेदी केली होती.

पेटी लाकडी असून वर सनमायका लावलेला आहे. आत थर्मोकोलच्या खाचांत ४० नमुने बसवलेले आहेत: अग्निज १०, गाळाचे १०, रूपांतरित ८ आणि खनिजे १२. प्रत्येक तुकडा साधारण लिंबाएवढा आहे आणि त्यावर पांढऱ्या रंगाने क्रमांक टाकलेला आहे. सोबत एक पुस्तिका, भूवैज्ञानिक कालखंडांचा तक्ता, एक भिंग, लोखंडी खिळा, चुंबक आणि कस पाहण्यासाठी चिनी मातीची एक फरशी येते. थर्मोकोलचा भुगा पहिल्याच महिन्यात सगळीकडे पसरू लागला म्हणून आम्ही खाचांत जुन्या बनियनचे तुकडे घातले. पेटीची कडी मात्र आजवर एकदाही निसटलेली नाही, आणि चाळीस दगडांचे ओझे दोन मुले जिन्यावरून नेतात तेव्हा ही बाब क्षुल्लक राहत नाही.

नमुन्यांचा दर्जा, एक मोठी चूक वगळता, किमतीच्या मानाने उत्तम आहे. कॅल्साइटचा तुकडा इतका स्वच्छ आहे की वहीतल्या ओळीवर ठेवला असता तीच ओळ दुहेरी दिसते. हे पाहण्यासाठी मधल्या सुट्टीत रांग लागते. प्युमिस पाण्यावर तरंगतो, आणि दगड तरंगतो हे पुस्तकात वाचणे वेगळे व पेल्यात पाहणे वेगळे, हे मुलांच्या चेहऱ्यावरून कळते. जिप्समवर नखाने ओरखडा उठतो, टाल्कचा तर वर्षभरात तिसरा हिस्सा झिजून गेला. ग्नाइसमधील काळे-पांढरे पट्टे, स्लेटचे पापुद्रे, वालुकाश्माचा हाताला लागणारा खरखरीतपणा हे सारे आमच्या भागात शोधूनही सापडत नाही. तापीच्या उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, दोन्हीकडे डोंगर म्हणून जो उभा आहे तो बेसाल्टच, आणि मधल्या खोऱ्यात नदीने आणून टाकलेला गाळ. बाहेरून आलेल्या दगडांची ही ओळख हेच या पेटीचे खरे मूल्य आहे.

कसाच्या चाचणीविषयी थोडे विस्ताराने लिहितो. खनिजाचा तुकडा खरखरीत पांढऱ्या फरशीवर ओढला की उमटणाऱ्या भुकटीच्या रंगाला कस म्हणतात, आणि खनिजाच्या बाह्य रंगापेक्षा तो अधिक भरवशाचा असतो. काळसर राखी दिसणाऱ्या हेमॅटाइटची रेघ गेरूसारखी तांबडी उमटते, मॅग्नेटाइटची काळी उमटते, आणि सोन्यासारख्या चमकणाऱ्या पायराइटची हिरवट काळी. नववीतील एका मुलीचे वडील जळगावच्या सराफ बाजारात कारागीर आहेत. ही चाचणी पाहताच ती म्हणाली, "सर, आमचे बाबा कसोटीच्या दगडावर सोनं ओढतात, ते हेच ना?" तत्त्व तेच, फक्त तिथे दगड काळा आणि फरशी इथे पांढरी. त्यानंतर मला या प्रकरणाची व्याख्या फळ्यावर लिहावी लागली नाही. पेटीतील फरशीची एक बाजू मात्र गुळगुळीत चकाकीची आहे व पुस्तिकेत नेमकी तीच बाजू वापरण्यास सांगितले आहे. तिच्यावर काहीच उमटत नाही. फरशी उलटी करावी.

आता मोठी चूक. क्रमांक २२ वर संगमरवर आणि २३ वर क्वार्टझाइट असे लिहिले होते. दोन्ही तुकडे पांढरट, दाणेदार आणि दिसायला सख्खे भाऊ. दहावीच्या वर्गात आम्ही २२ वर खिळ्याने ओरखडा काढू गेलो तर दगडावर खिळ्याचेच लोखंड उमटले. संगमरवर कॅल्साइटचा असतो आणि कॅल्साइटचे काठिण्य मोसच्या १ ते १० च्या श्रेणीवर ३ आहे, म्हणजे खिळ्याने तो सहज ओरखडला जायला हवा. त्याच तुकड्याने काचेवर रेघ पडली, म्हणजे त्याचे काठिण्य काचेहून जास्त, ७ काठिण्याच्या क्वार्टझला शोभेल असे. प्रयोगशाळेतील विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब मी स्वतः टाकला, तेव्हा २२ गप्प राहिला आणि २३ फसफसला. क्रमांकांची अदलाबदल झाली होती. विक्रेत्याला दूरध्वनी केला, तर त्यांनी प्रथम "सर, दोन्ही मार्बलच असतात" असे उत्तर दिले. आम्लाचा उल्लेख केल्यावर मात्र बारा दिवसांत दोन नवे तुकडे विनामूल्य पाठवले. नव्यांचे क्रमांक बरोबर आहेत. जुने दोन तुकडे मी परत केले नाहीत. दरवर्षी न सांगता वर्गासमोर ठेवण्यासाठी ते फार उपयोगी आहेत.

पुस्तिका हा या संचाचा सर्वांत कच्चा भाग होय. ती इंग्रजीवरून घाईने उतरवलेली दिसते. भूपट्टांना तिच्यात 'ताटल्या' म्हटले आहे, त्यामुळे भारतीय ताटली आशियाई ताटलीला धडकून हिमालय उभा राहतो, आणि वर्गात काही काळ शिस्त राखणे अवघड होते. शब्दांची गंमत सोडून द्यावी, पण आकड्यांची सोडता येत नाही. दख्खनच्या लाव्हाचे वय 'सुमारे ६६ कोटी वर्षे' असे छापले आहे. मूळ मजकुरात ६६ दशलक्ष असणार, आणि दशलक्षाचे कोटी करताना दहाने भागायचे राहून गेले. खरा आकडा सुमारे ६.६ कोटी वर्षे आहे. ही चूक केवळ एका शून्याची नाही. ६६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर झाडे नव्हती, डायनासोर नव्हते, उलट ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोरांचा अंत झाला आणि त्याच सुमारास आमच्या पायाखालचा लाव्हा उफाळत होता. भूकंपाच्या पानावर तीव्रता एकाने वाढली की ऊर्जा दहापट होते असे लिहिले आहे. प्रत्यक्षात भूकंपमापकावरील लहरींची उंची दहापट होते, तर बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट.

कालखंडांच्या तक्त्यात सर्व कालखंडांना सारख्याच रुंदीचे चौकोन दिलेले आहेत, त्यामुळे पृथ्वीच्या इतिहासाचा पहिला जवळजवळ नव्वद टक्के भाग एका चौकोनात मावतो आणि मुलांच्या मनात काळाचा सारा हिशेब चुकीचा बसतो. तक्ता आम्ही कपाटात ठेवला आणि व्हरांड्यात साडेचार मीटरांहून थोडी लांब कागदी पट्टी लावली: १ मिलिमीटर म्हणजे १० लाख वर्षे. पृथ्वीचे ४५४ कोटी वर्षांचे वय त्या पट्टीत ४ मीटर ५४ सेंटिमीटरांत बसते. ठळक जीवाश्मांचा काळ शेवटच्या ५४ सेंटिमीटरांत सुरू होतो, खानदेशाचा काळा दगड शेवटून ६.६ सेंटिमीटरांवर, आणि माणसाची जात पट्टीच्या अगदी काठावर, पेन्सिलच्या टोकाहूनही बारीक. पट्टीला दहा रुपयांचा कागद लागला. तक्ता वेगळा विकत घेण्याच्या फंदात कोणी पडू नये.

मला मात्र सर्वाधिक खटकली ती बेसाल्टची गोष्ट. चाळीस नमुन्यांत बेसाल्ट क्रमांक ७ वर, एका काळ्या चपट्या तुकड्याच्या रूपाने येतो. पुस्तिकेत त्याच्यासाठी साडेतीन ओळी आहेत आणि त्या आइसलँड व हवाईच्या आहेत. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेल्या दख्खनच्या लाव्हापठाराच्या ऐन पोटात विकल्या जाणाऱ्या पेटीत हे असावे याचे वाईट वाटते. म्हणून आम्ही त्या खाचेभोवती आमची जोड दिली. पारोळ्याकडच्या एका मुलाने आजीचा फुटलेला वरवंटा आणला, त्याच्या ताज्या कडेवर भिंग धरले की दाणे जवळजवळ दिसतच नाहीत, कारण लाव्हा उघड्यावर लवकर थिजला. धुळे-नंदुरबारच्या माळरानावर भिंतीसारख्या सरळ, अरुंद टेकड्या दिसतात. लाव्हा ज्या भेगांतून वर येत होता त्यांत तो भरून थिजला. पुढे आजूबाजूचा खडक झिजला आणि हे टणक पट्टे उभे राहिले. या भागात असे दोनशेहून अधिक डाइक नोंदलेले आहेत. साक्रीकडच्या अशाच एका टेकडीच्या पायथ्याला पडलेला तुकडा मी आणला, त्याचे दाणे वरवंट्याहून थोडे मोठे आहेत. हे दोन्ही आणि जमिनीत खोलवर सावकाश थिजलेला पेटीतला ग्रॅनाईट शेजारी ठेवले की थंड होण्याचा वेग आणि दाण्याचा आकार यांचा संबंध वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

तिसरी भर विहिरीच्या मालातून मिळाली. जामनेर तालुक्यातील एका नातेवाइकांच्या विहिरीचे खोदकाम चालू असताना मांजऱ्या खडकाचा, म्हणजे पोकळ्या असलेल्या बेसाल्टचा, थर लागला, आणि त्यातील एका पोकळीत पांढऱ्या पंख्यासारख्या स्टिल्बाइटचा गुच्छ निघाला. लाव्हातील वायूंचे बुडबुडे खडकात पोकळ्या होऊन राहतात आणि नंतर गरम पाण्यातून त्यांत ही खनिजे साचतात. स्टिल्बाइट तापवले की फुगते व त्यातून पाण्याची वाफ निघते. १७५६ साली क्रोनस्टेड यांनी या गटाला 'उकळणारा दगड' या अर्थाचे झिओलाइट हे नाव दिले ते त्यामुळेच. जळगाव जिल्ह्यातील स्टिल्बाइट आणि अपोफिलाइट जगभरचे संग्राहक हौसेने घेतात. पेटीत त्यांपैकी एकही नाही.

वजनाच्या प्रयोगासाठी स्वयंपाकघरातील डिजिटल काटा पुरतो. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करावा आणि दोऱ्याला बांधलेला दगड तळाला न टेकवता पाण्यात सोडावा. काट्यावर वाढणारा आकडा म्हणजे दगडाने बाजूला सारलेले पाणी. आमच्या ११६ ग्रॅमच्या बेसाल्टने ४० ग्रॅमची वाढ दाखवली, म्हणजे घनता २.९, पेटीतल्या ९३ ग्रॅमच्या ग्रॅनाईटने ३५ ग्रॅमची, म्हणजे सुमारे २.६६. हा प्रयोग पुस्तिकेत नाही, पण पेटी घेणाऱ्याने तो चुकवू नये.

पुस्तिकेतील नैसर्गिक आपत्तींवरील आठ पानांत ज्वालामुखी, त्सुनामी आणि हिमस्खलन आहे. तापीकाठच्या शाळेला यांतले काहीच जवळचे नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता, धुळ्याने १८७२ मध्ये पांझरेचा मोठा पूर पाहिला, चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवला जमिनीतून गरम पाणी येते. यांपैकी एखादी गोष्ट तरी हवी होती. या पानांवर मी वेळ घालवत नाही.

माझे मत असे: खडक हातात देण्यासाठी ही पेटी जरूर घ्यावी, ३,२०० रुपये वाया जात नाहीत. पुस्तिकेवर मात्र विसंबू नये, आणि पेटी आल्याच्या दिवशीच खिळा, काच व आम्ल घेऊन सर्व क्रमांक तपासून घ्यावेत. पेटीत आम्ल दिलेले नाही, ते योग्यच आहे; बाजारातले संडास साफ करण्याचे आम्ल त्याऐवजी वर्गात आणू नये. ६६ कोटींची चूक मी विक्रेत्याला लेखी कळवली आहे. दुरुस्तीची चिकटपट्टी छापून सर्व शाळांना पाठवू असे त्यांनी ऑगस्टमध्ये सांगितले. आमच्या पुस्तिकेत त्या आकड्यात दशांशचिन्ह अजून माझ्या लाल पेनाचेच आहे.