ज्या पिंजऱ्यात कधी पक्षी राहिलाच नाही

त्या पिंजऱ्याच्या दोन तारांमधून माझी तीन बोटं सहज आत जायची. पिंजरा घरी येऊन दीड महिना झाला तेव्हा हे माझ्या लक्षात आलं. तोवर मी रोज तो पुसत होते आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, की हा १८९०च्या सुमाराचा आहे, यात कॅनरी पक्षी असायचे. कॅनरी चिमणीपेक्षाही लहान. अशा पक्ष्याच्या पिंजऱ्यात दोन तारांमधलं अंतर साधारण सव्वा सेंटिमीटर ठेवतात. त्याहून फार जास्त झालं तर पक्षी डोकं घालून अडकतो, नाहीतर सरळ उडून जातो. मी पट्टी आणून मोजलं, तर माझ्याकडे ते अंतर साडेचार सेंटिमीटर भरलं. म्हणजे हा पिंजरा पक्ष्यासाठी बनवलेलाच नव्हता. तो माझ्यासारख्यांसाठी बनवला होता.

मला जुना पिंजरा का हवा होता, ते आधी सांगते, कारण फसवणूक तिथूनच आत शिरली. मला पिंजऱ्यात कोंडलेला पक्षी बघवत नाही. खिडकीशेजारच्या कोपऱ्यात एक जुना पिंजरा टांगायचा, त्याचं दार कायमचं उघडं ठेवायचं, आत वेल लावायची आणि ती दारातून बाहेर ओघळू द्यायची, असं चित्र कित्येक वर्षं माझ्या मनात होतं. पिंजरा जुना आणि खराखुरा वापरलेला असावा, हा माझा हट्ट होता. ज्या वस्तूने एके काळी कुणाला तरी कोंडलं होतं, तिला आता वेगळं काम मिळावं, एवढंच त्यामागे होतं.

हे सगळं मी विकणाऱ्या गृहस्थाला पहिल्याच फोनवर मोकळेपणाने सांगितलं. दुसऱ्या फोनवर त्याने मला गोष्ट सांगितली. "ताई, हा आमच्या पणजोबांनी एका साहेबाच्या बंगल्यातून आणला. यातला शेवटचा पक्षी आमच्या आजोबांनी स्वतःच्या हाताने सोडून दिला. तेव्हापासून दार बंद केलेलं नाही." ऐकताना माझे डोळे भरून आले होते. आज विचार करते तेव्हा कळतं, की उघड्या दाराची कल्पना माझी होती. त्याने ती फक्त पणजोबांच्या नावावर करून मला परत दिली.

जाहिरातीत तीन फोटो होते. एक लांबून, एक घुमटाकार टोपाचा आणि एक आत बल्ब लावून अंधारात काढलेला. मी तळाचा फोटो मागितला, तर म्हणाला, "पॅक करून ठेवलाय, आता सोडला तर तारा वाकतील." दाराच्या बिजागरीचा फोटो मागितला, तो येतो येतो म्हणत आलाच नाही. त्याच दिवशी संध्याकाळी त्याचा मेसेज आला, की आणखी दोघं जण मागे लागलेत, पण तुमचं मन जाणवलं म्हणून तुम्हाला पहिली संधी देतोय. विक्रीच्या साइटवरून पैसे भरायचे ठरत होते, तेही त्याने बदललं. साइट कमिशन कापते, थेट खात्यावर पाठवा, आजच पाठवतो. मी पाठवले. पैसे पोचल्यावर तासाभरात जाहिरात साइटवरून गेली होती, आणि मी तिचा स्क्रीनशॉट घेतलेला नव्हता.

पिंजरा मात्र आला. सोबत जाड कागदावर 'प्राचीनतेचं प्रमाणपत्र' होतं. त्यावर सोनेरी शिक्का होता, पण ते कुणी तपासून दिलं त्याचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता. खोका उघडताच व्हिनेगरचा आंबट वास आला. तारांना हात लावला तर बोटांना नारिंगी भुकटी लागली. शंभर वर्षांचा गंज असाच असेल असं वाटून मी ते बोट मायेने पुसलं.

पहिला धक्का शब्दशः विजेचा बसला. विकणाऱ्याने पिंजऱ्याचा दिवा करून दिला होता. आत होल्डर होता आणि टोपाच्या मधोमध पाडलेल्या भोकातून वायर वर काढलेली होती. तिसऱ्या आठवड्यात वेलीला पाणी घालून ओल्या हाताने मी कडी धरली आणि हात झटक्याने मागे आला. घरातल्या टेस्टरचं टोक पिंजऱ्याला टेकवलं, तर टेस्टरचा दिवा लागला. अख्खा पिंजरा जिवंत होता. इलेक्ट्रिशियन दादांनी खाली उतरवून दाखवलं. भोकाची कड पत्र्याची आणि धारदार होती, तिथे रबरी ग्रॉमेट, म्हणजे वायर कडेला घासू नये म्हणून भोकात बसवायची रबरी चकती, बसवलेलाच नव्हता. पिंजरा टांगल्यावर हलायचा आणि त्या धारेवर घासून वायरचं आवरण कापलं गेलं होतं. वायरसुद्धा दोनच तारांची, अर्थिंग नाही. धातूच्या अंगाचा दिवा असेल तर ते अंग अर्थला जोडलेलं असावं लागतं. तसं असतं तर फ्यूज गेला असता किंवा ब्रेकर पडला असता, माझ्या हाताने विजेला वाट करून दिली नसती. माझी भाची सुट्टीत घरी येते तेव्हा टाचा उंचावून हाच पिंजरा झुलवते. त्या दिवशी ती घरी नव्हती, एवढंच.

दादाच पुढे म्हणाले, "ताई, हा किती जुना म्हणालात?" आणि त्यांनी होल्डरची पट्टी जिथे बसवली होती त्याच्या शेजारचा, पिंजऱ्याच्या मूळ पट्टीतला स्क्रू दाखवला. त्याच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच होती. तो फिलिप्स स्क्रू. हेन्री फिलिप्स यांना अमेरिकेत त्याची पेटंट १९३६ साली मिळाली आणि मोटारींच्या कारखान्यांतून तो पसरला. त्याआधीच्या वस्तूत सरळ एका रेघेची खाच असलेला स्क्रू सापडतो. नंतर दुरुस्ती करताना कुणी एखादा स्क्रू बदलला असेल, हे मीही म्हणाले. पण आम्ही सगळे मोजले. आठही स्क्रू तसलेच होते, आठही एकाच रंगाने गंजलेले होते.

मग मी पिंजरा उचलून आमच्या ओळखीच्या एका काकांकडे नेला. त्यांचं आयुष्य धातूकामात गेलंय. त्यांनी काही न बोलता खिशातून लोहचुंबक काढून टोपाला लावलं. ते चिकटलं. पितळेला चुंबक चिकटत नाही. म्हणजे 'भरीव पितळ' म्हणून घेतलेला टोप पितळी मुलामा दिलेला लोखंडी पत्रा निघाला. मग त्यांनी सांधे दाखवले. जुन्या तारेच्या पिंजऱ्यात आडव्या पट्टीला ओळीने भोकं पाडून उभ्या तारा त्यातून ओवलेल्या असतात आणि सांध्याला डाख, म्हणजे सोल्डर दिलेलं असतं. भोकं हाताने पाडली असली तर कुठे एखादं तिरकं जातं, डाखाचा थेंब कुठे जास्त पडतो. माझ्या पिंजऱ्यात तारा पट्टीवर नुसत्या टेकवून स्पॉट वेल्डिंगने चिकटवल्या होत्या, प्रत्येक सांध्यावर एकसारखा चपटा ठिपका. शेवटी काकांनी नखाने गंज खरवडला. भुकटी निघाली आणि खाली चकचकीत गुळगुळीत पत्रा दिसला. "व्हिनेगर, मीठ आणि हायड्रोजन पेरॉक्साइड," ते म्हणाले. "एका दुपारचं काम आहे."

खरा गंज कसा असतो ते त्यांनी त्यांच्याकडच्या एका जुन्या कंदिलावर दाखवलं, आणि या सगळ्या प्रकारातून माझ्या हाती काही लागलं असेल तर ते हेच. खरा गंज गडद तपकिरी असतो, धातूत खोल उतरतो, पृष्ठभागावर बारीक खड्डे पाडतो. तो सगळीकडे सारखा नसतो. जिथे पाणी साचतं, जिथे दोन पट्ट्या एकमेकींवर येतात, तिथे जास्त असतो. जिथे रोज हात लागतो तिथे जवळजवळ नसतो, तिथे धातू घासून गुळगुळीत झालेला असतो. वापरलेल्या पिंजऱ्यावर हात नेमके कुठे लागतील? वरच्या कडीला, दाराच्या खिटीला, तळाचा ट्रे ओढायच्या कडेला. पक्षी कुठे लागेल? बसायच्या दांडीवर नखांच्या खुणा, दाण्याच्या वाटीजवळच्या तारांवर चोचीने टोचलेलं, ट्रेवर विष्ठेने खाल्लेले डाग, कारण तिच्यातल्या युरिक आम्लाने धातू काळवंडतो. वरची कडी जिथे हुकात अडकते तिथे वर्षानुवर्षांच्या झुलण्याने खोबण पडलेली असते. माझ्या पिंजऱ्याची कडी आतून नवी कोरी गोल होती. दांडी बसवायला जागाच नव्हती. वाटी अडकवायची सोय नव्हती. तळ वेल्डिंगने बंद होता, ट्रे सरकत नव्हता. पक्षी ठेवला असता तर साफसफाई कशी केली असती? घरी येऊन मी पट्टी घेऊन तारांमधलं अंतर मोजलं ते त्या रात्री.

तरीही मनाचा एक कोपरा मानायला तयार नव्हता. टोपाच्या टोकावर ओतीव कमळ होतं. त्याच्या आठ पाकळ्यांपैकी एक अर्धी तुटलेली. विकणारा म्हणाला होता, त्यांच्या आत्या लहान असताना त्यांच्या हातून पडून ती तुटली. ती तुटकी पाकळी मला सगळ्यात प्रिय होती. दोन आठवड्यांनी दुसऱ्या नावाने दुसरी जाहिरात दिसली. पिंजरा हिरवा होता, माझा पांढरा, पण टोकावर तेच कमळ आणि तीच पाकळी अर्धी तुटलेली. मी फोटो मोठा करून बघितला. तुटलेल्या कडेची वळणंसुद्धा हुबेहूब होती. एखाद्या तुटक्या मूळ कमळावरून साचा घेतला की त्या साच्यातून निघणारं प्रत्येक कमळ तुटकंच निघतं. नीट हात फिरवला तर तुटलेली कड धारदार लागत नाही, मऊ आणि गोलसर लागते, कारण ती तुटलेली नसते, ओतलेली असते. त्या क्षणी मला खरं रडू आलं. पैशांपेक्षा त्या आत्यांचं वाईट वाटलं. मी त्यांच्यावर मनापासून विश्वास ठेवला होता आणि त्या कधी नव्हत्याच.

रंगाबद्दल थांबून सांगायला हवं, कारण इथे प्रश्न फसवणुकीच्या पलीकडे जातो. माझ्या पिंजऱ्यावरचा पांढरा रंग सुंदर भेगाळलेला होता, पोपडे सुटलेले. क्रॅकल मीडियम, म्हणजे रंगाला मुद्दाम भेगा पाडणारा लेप, लावून असं करतात. त्याच्या भेगा सगळीकडे जवळजवळ एकसारख्या असतात. आपल्याला ते पोपडे जुनेपणाची खूण वाटतात आणि आपण ते तसेच राहू देतो. पण खरोखर जुना रंग असेल तर त्यात शिसं असण्याची दाट शक्यता असते. अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगातलं शिसं १९७८ साली बंद झालं, म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही रंगवलेल्या पिंजऱ्याकडे संशयानेच बघावं. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते. त्यामुळे पिंजरा खरा निघाला तरी कोरड्या सँडपेपरने घासू नका, ओल्या फडक्याने पुसा, सुटे पोपडे ओले करून काढा, वरून पारदर्शक सीलर मारा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असा टांगा. मी चाचणीचं किट आणून बघितलं. माझ्या रंगात शिसं सापडलं नाही. हे मला पहिल्या दिवशी करायला हवं होतं. आणि जुन्या किंवा जुनाट दिसणाऱ्या शोभेच्या पिंजऱ्यात खरा पक्षी कधीच ठेवू नका. तारा चोचीने कुरतडायची त्यांना सवय असते आणि रंगातलं शिसं किंवा गॅल्वनाइज्ड तारेवरचं जस्त त्यांच्या पोटात जाऊन ते मरू शकतात.

पैसे परत मागायचा प्रयत्न केला. आधी तो म्हणाला, चुंबकाने काही सिद्ध होत नाही. मग म्हणाला, मी 'अँटिक' म्हणालो नव्हतो, 'अँटिक लुक' म्हणालो होतो. माझ्याकडे जाहिरात नव्हती, फोनवरचं बोलणं रेकॉर्ड केलेलं नव्हतं, आणि पैसे साइटबाहेर दिल्यामुळे साइटने हात वर केले. प्रमाणपत्राचा फोटो पाठवला तेव्हा त्याने नंबर ब्लॉक केला. दुसऱ्या जाहिरातीची तक्रार मी पुराव्यासकट केली. ती काढून टाकली गेली, हे एक समाधान.

कुणी जुना पिंजरा घ्यायला निघालं असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे. गोष्ट ऐका, पण ती ऐकून झाल्यावर तळाचा फोटो मागा. सांध्याचा, स्क्रूचा, कडीच्या आतल्या बाजूचा फोटो मागा. जो खरी वस्तू विकतो तो हे फोटो आनंदाने देतो, मला नंतर असे दोघे भेटले. तारांमध्ये पट्टी धरून फोटो काढायला सांगा. जाहिरातीतला फोटो इमेज सर्चमध्ये टाका. पैसे देण्याआधी जाहिरात आणि सगळे मेसेज जपून ठेवा. कारखानदाराचं नाव सांगितलं तर ठसा कुठे आहे ते विचारा. अमेरिकेत न्यू हेवनच्या हेंड्रिक्स कंपनीच्या जुन्या पितळी पिंजऱ्यांवर नावाचे ठसे आढळतात. अर्थात ठसाही खोटा मारता येतो, म्हणून तो शेवटी बघायचा. आणि कुणी दिवा करून दिलेला पिंजरा असेल, तर तो टांगण्याआधी वायरिंग काढून टाका आणि जाणत्या माणसाकडून नवं करून घ्या.

नवा पिंजरा घ्यायला माझी काहीच हरकत नाही. नव्या पिंजऱ्यातही वेल तितकीच छान वाढते. मला तो नवा म्हणून, नव्याच्या भावाने मिळाला असता तर मी आनंदाने घेतला असता.

तो अजून त्याच कोपऱ्यात आहे. वायर आणि होल्डर काढून टाकलेत. वेल दारापर्यंत आली आहे. उद्या मी तो कुणाला दिला, किंवा माझ्यानंतर तो कुणाच्या हाती गेला, तर पुन्हा त्याला पणजोबा चिकटू नयेत म्हणून मी तळ उलटा करून पुसता न येणाऱ्या मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय : 'नवीन बनावटीचा. लोखंडी, वर पितळी मुलामा. गंज मुद्दाम आणलेला. यात पक्षी कधीच नव्हता.'