घरघंटी नव्हे, ट्रेडमिल: आठ महिन्यांनंतर

मशीन येऊन चार-पाच दिवस झाले असतील. खालच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या. "घरघंटी घेतलीस का गं? पहाटे पहाटे दळण सुरू असतं तुमच्याकडे." मी ओशाळून खरं काय ते सांगितलं. त्या हसल्या, पण "सहाच्या आधी नको हं" हे त्या हसण्यातच कळलं.

तशा काकू फार चुकल्या नव्हत्या. ट्रेडमिलमधलं 'मिल' हे गिरणीचंच आहे. १८१८च्या सुमारास विल्यम क्युबिट या इंग्रज इंजिनिअरने कैद्यांना कामाला जुंपायला मोठं पायचाक बनवलं. त्याच्या पायऱ्या कैद्यांनी तासन्‌तास चढत राहायच्या, आणि काही तुरुंगांत त्यावर खरंच धान्य दळलं जायचं. आम्ही त्यासाठी चौतीस हजार रुपये मोजले, तेही हप्त्यांनी.

आधी घराचं सांगते, कारण त्याशिवाय बाकीचं वाचण्यात अर्थ नाही. ठाण्यात चौथ्या मजल्यावर दोन बेडरूमचं घर. माणसं चार: मी (वय ४८, वजन ७१), नवरा (पाच फूट दहा इंच, स्वतःला धावपटू समजतो), बारावीतला मुलगा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. मशीन मोटरचं, फोल्डिंगचं, चढ हाताने लावायचा. पट्टा १२० सेंटिमीटर लांब, ४२ रुंद. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या किमतीतली आठ-दहा मशीन मी दुकानांत जाऊन पाहिली आणि स्टिकर सोडला तर मला त्यांत फारसा फरक दिसला नाही.

घ्यायचं कारण म्हणजे माझी टीएमटी. ठाणेकरांना टीएमटी म्हटलं की आधी बसच आठवते, पण ही डॉक्टरांनी सांगितलेली हृदयाची तपासणी, छातीला वायरी लावून ट्रेडमिलवर चालायची. बहुतेक ठिकाणी ती ब्रूस प्रोटोकॉलने करतात: पहिली तीन मिनिटं ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, पुढची तीन ताशी ४ किलोमीटर आणि १२ टक्के. वेग ऐकायला अगदी बाळबोध वाटतो, पण दुसऱ्या टप्प्यातच माझी दमछाक झाली. रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टर एवढंच म्हणाले, "हृदय ठीक आहे, सवय नाहीये." उपवनला, म्हणजे इथल्या तलावावर, फिरायला जायचा नेम मी चार वेळा केला आणि चारही वेळा तो जूनच्या पहिल्या पावसात वाहून गेला. म्हणून मशीन.

दुकानात सगळे मोटरबद्दल बोलतात. आमच्या मशीनवर मोठ्या अक्षरात ४ एचपी छापलंय आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात 'पीक'. पीक म्हणजे मोटर क्षणभर गाठू शकेल तेवढी ताकद. रोजच्या वापरात कामाला येते ती सलग देता येणारी ताकद, म्हणजे कंटिन्युअस एचपी, आणि ती आमची २ आहे. विक्रेत्याला तीनदा विचारल्यावर त्याने मॅन्युअल उघडून दाखवली. हा आकडा जो सांगत नाही त्याच्याकडून घेऊ नका, बाकी मोटरबद्दल फार डोकं खाऊ नका. चालणाऱ्यांना २ पुरते. रोज अर्धा तास पळणारा असेल तर ३ च्या आसपास बघा.

त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट कुणी सांगितली नाही, ती म्हणजे प्लग पॉइंट. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे आमची मोटर सलग दीड किलोवॅटपर्यंत ओढू शकते आणि झटक्यात त्याहून बरीच जास्त. हॉलमधला ६ अँपिअरचा पॉइंट १४०० वॅटच्या आतबाहेर संपतो. डिलिव्हरीवाला पोरगा निवांतपणे एक्स्टेंशन बोर्ड मागत होता. मी थांबवलं आणि वायरमनला बोलावून मेन बोर्डापासून वेगळी वायर ओढून पॉवर पॉइंट करून घेतला. बावीसशे रुपये गेले, शिवाय नव्या रंगाच्या भिंतीवरून पट्टी गेली. किंमत धरताना हे पैसेही धरा. विजेचं बिल मात्र घाबरण्यासारखं नाही. छोटा मीटर लावून पाहिलं, तर मी ताशी साडेपाचने चालते तेव्हा ४०० वॅटच्या आसपास जातात आणि नवरा पळतो तेव्हा ७०० च्या वर. सगळ्यांचं मिळून महिन्याला पंधरा-सोळा युनिट होतात.

जागेचं गणित मी पार चुकवलं होतं. आधी ठरलं गॅलरीत. मग आठवलं, जुलैमध्ये तिथे कपडेसुद्धा वाळत नाहीत. पट्ट्याखालची फळी लाकडाच्या भुशाची असते, ती दमटपणाने फुगते, आणि पुढच्या कव्हरमध्ये इलेक्ट्रॉनिक बोर्ड. गॅलरी बाद. मग ठरली बेडरूममधली माळ्याखालची जागा. माळा सात फुटांवर, म्हणजे २१३ सेंटिमीटर. मशीनची फळी जमिनीपासून १७ वर, त्यावर नवरा १७८. उरले १८, आणि पळणारा माणूस वरखाली उसळतो. चालताना कदाचित वाचला असता, पळताना माळ्याशी रोज गाठ पडली असती. शेवटी हॉल.

हॉलमध्ये मधोमध ठेवलं, टीव्हीसमोर, आणि तिथूनच घरघंटीचं प्रकरण सुरू झालं. मोटरचा आवाज आपल्याला येतो, खालच्यांना तो फारसा जात नाही. त्यांच्याकडे जातो तो पावलांचा दणका. चालताना पायावर वजनाच्या जेमतेम सव्वापट भार येतो, पळताना दोन-अडीचपट, आणि तो सरळ स्लॅबमध्ये उतरतो. आम्ही आधी योगासनाची सतरंजीवजा मॅट घातली, शून्य फरक. मग जिममध्ये असतो तसा १५ मिलिमीटरचा जाड काळा रबर आणला. त्याने फरक पडला, पण अर्धाच. उरलेला अर्धा मशीन हलवल्यावर पडला. इमारतीचं काम पाहणारा माझा भाऊ म्हणाला, "ताई, स्लॅब मधोमध सगळ्यात जास्त हलतो, खांबाजवळ ने." कोपऱ्यातल्या कॉलमला लागून नेलं आणि काकूंना विचारलं. म्हणाल्या, "आता मिक्सरएवढा येतो." तिथे तह झाला: पळणं सकाळी सातनंतर, चालणं केव्हाही.

फोल्डिंगचं कौतुक दुकानात फार ऐकाल. ५८ किलोचं धूड आहे. पहिल्या आठवड्यात दोनदा उचलून उभं केलं, त्यानंतर ते आडवंच आहे. फोल्ड केल्यावर जागा वाचेल असं समजून घेऊ नका. उघडं असताना मावत असेल तरच घ्या, आणि मागे भिंत चिकटू देऊ नका. मॅन्युअलमध्ये मागे दोन मीटर मोकळे सोडा म्हटलंय. आमच्याकडे दीड आहे आणि तेवढ्यापुरती मी रोज देवाची माफी मागते.

पट्ट्याच्या लांबीवर मात्र आम्ही खरंच चुकलो. माझ्यासाठी १२० भरपूर आहे. नवरा ताशी नऊच्या वर गेला की त्याचं मागचं पाऊल पट्ट्याच्या टोकाशी येतं. मग तो पुढे सरकून हँडलला चिकटून, बिचकत पळतो. उंच माणसाला पळायचं असेल तर १३५-१४० हवं आणि रुंदीही ४५ च्या वर. दुकानात बूट घालून दहा मिनिटं पळून बघा. आम्ही चपला काढून अनवाणी दोन मिनिटं चाललो होतो, देवळात गेल्यासारखं.

चढ हाताने लावायचा आहे, म्हणजे खाली उतरून, मागची बाजू उचलून पिन बदलायची. आठ महिन्यांत तीनदा बदलली. मुलाने कुठेतरी वाचलं की घरात पळताना समोरचा वारा कापावा लागत नाही, म्हणून १ टक्का चढ द्यावा. १९९६च्या एका ब्रिटिश संशोधनातून हे आलंय आणि ते पळणाऱ्यांसाठीच आहे. आमच्या चालण्याला त्याने काही होत नाही. बटणाने चढ होणारं मशीन दहा-बारा हजारांनी महाग होतं. गुडघे बरे असतील आणि पळायचं नसेल तर ते पैसे तिथे घाला, कारण चढावर हळू चालूनही घाम निघतो हे मी टीएमटीत स्वतः भोगलंय.

स्क्रीनबद्दल दोन वाक्यं पुरेत. कॅलरीचा आकडा खोटा आहे, कारण मशीन वजन विचारतच नाही आणि मला व सासूबाईंना सारखाच हिशोब देतं. हँडलवरचे नाडी मोजणारे पत्रे शोभेचे आहेत.

आता सासूबाई. मशीन घेताना त्या कुणाच्या डोक्यातच नव्हत्या. दुसऱ्या महिन्यात एका दुपारी मी घरी आले तर त्या साडी खोचून, दोन्ही हातांनी दांड्या धरून ताशी दीडने चालत होत्या आणि टीव्हीवर कीर्तन लावलेलं. माझ्या पोटात गोळा आला. पण त्यांनीच शोधून काढलं की मशीन ०.८ पासून सुरू होतं आणि हळूहळू वेग घेतं. काही मशीन एकदम दीड-दोनवर सुरू होतात, ती वयस्कर माणसाला पहिल्याच पावलाला पाडतील. आमच्या मशीनच्या बाजूच्या दांड्याही सुदैवाने मागेपर्यंत लांब आहेत. हल्ली सोफ्याखाली सरकणारी बिनदांड्यांची वॉकिंग पॅड निघाली आहेत, ती म्हाताऱ्या माणसांच्या घरात आणूच नका.

१७ सेंटिमीटर चढून जाणं त्यांना जड जायचं, म्हणून त्यांनी देवघरातला जुना पाट बाजूला मांडला. तो फरशीवर सरकला तेव्हा मी खाली रबर चिकटवून दिलं. साडीवर मात्र बंदी घातली, आता पंजाबी ड्रेस आणि बूट. लाल सेफ्टी की कमरेला अडकवल्याशिवाय चालायचं नाही, हा नियम. ती ओढली गेली की मशीन जागेवर थांबतं. वापर संपल्यावर की कपाटात आणि प्लग बाहेर, कारण नणंदेची नात येते आणि मागच्या रोलरमध्ये बोटं जायला क्षण पुरतो.

त्या सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं चालतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. वेग कमी असेल, पण मिनिटांत सासूबाई २८० वर आहेत. मी दीडशेच्या जेमतेम पुढे. नवऱ्याचा आकडा सांगत नाही.

चौथ्या महिन्यात मशीन बंद पडलं. मध्येच थांबायचं आणि स्क्रीनवर एरर. सर्व्हिसला फोन केला, अकराव्या दिवशी माणूस आला. पुढचं कव्हर उघडलं तर आत आमच्या घरातला सगळा केर: केस, कापसाचे बोळे, एक रबरबँड. वेग मोजणारा सेन्सर जागेवरून हलला होता. काम दहा मिनिटांचं, पण तो बसून बोलला ते जास्त उपयोगी पडलं. मोटरला तीन वर्षांची वॉरंटी असते आणि सगळे तीच वाचतात. बोर्डाला एकच वर्ष, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे वीज वरखाली झाली की आधी जातो तो बोर्डच. वॉरंटीचा कागद पार्टवार वाचा.

दुसरी गोष्ट मला उलटी वाटली होती: हळू चालणारा जड माणूस मोटरला जास्त तापवतो. वेग कमी असताना मोटरचा पंखाही हळू फिरतो आणि प्रत्येक पावलाला पट्ट्याला ब्रेक लागल्यासारखं होऊन मोटर जास्त करंट ओढते. म्हणून वजनाची मर्यादा ११० किलो लिहिली असेल तर शंभरच्या माणसाने ते घेऊ नये.

तिसरी गोष्ट तेलाची. पट्टा कुरकुरायला लागल्यावर नवऱ्याने शिलाई मशीनचं तेल आणलं होतं. मेकॅनिकने अक्षरशः हात जोडले. पट्ट्याखाली फक्त सिलिकॉनचं तेल घालायचं, साध्या तेलाने पट्टा खराब होतो. आता दर महिन्याला पट्टा उचलून दोन्ही बाजूंनी थोडं घालते, आणि मागच्या महिन्यात पट्टा डावीकडे सरकला तेव्हा स्वतःच बसवला: मशीन हळू चालू ठेवून मागच्या डाव्या बोल्टला एलन कीने पाव फेरा उजवीकडे, मग दोन मिनिटं थांबायचं. एकदम पूर्ण फेरा दिला की पट्टा दुसऱ्या बाजूला पळतो. पहिल्यांदा मी तेच केलं होतं.

आज पुन्हा घ्यायचं झालं तर लांब पट्टा आणि बटणाचा चढ घेईन आणि स्पीकर, ब्लूटूथ, पंधरा प्रोग्राम यांच्याकडे बघणारही नाही. आठ महिन्यांत आम्ही एकच प्रोग्राम वापरलाय, हिरवं बटण. आणि घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला सोबत घेऊन दुकानात जाईन.

नवऱ्याने गेल्या रविवारी एक्स्चेंजची चौकशी केली. जुन्याचे अकरा हजार देऊन मोठं मशीन देत होते. तो हे जेवताना उत्साहाने सांगत होता. सासूबाईंनी आमटी वाढता वाढता विचारलं, "नवीन कितीवर सुरू होतं?" त्याने मोबाइलवर बघून सांगितलं, दीडवर. "मग राहू दे," त्या म्हणाल्या. "तुला पळायचंय ना? उपवनला जा."