विल्हेल्मच्या नकल बॉलसाठी केलेला मोठा मिट: झेल पक्का, थ्रो लंगडा

बेसबॉलमध्ये रिलीफ पिचर (सामना सुरू असताना आधीच्या पिचरच्या जागी चेंडू टाकायला येणारा) म्हणून हॉल ऑफ फेम या मानाच्या यादीत सर्वांत आधी (१९८५) गेला तो हॉइट विल्हेल्म. त्याची सगळी कमाई नकल बॉलवर. चेंडू बोटांच्या टोकांनी धरायचा आणि फिरकी न देता ढकलायचा. तो जेमतेम अर्धा-एक वळसा घेतो, शिवण हवेला कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने अडवते आणि चेंडू ऐनवेळी डुगडुगतो. बॅट्समन चकतो, पण त्याच्या मागे चेंडू झेलणारा कॅचरही चकतो! १९५९ मध्ये त्याच्या बाल्टिमोर ओरिओल्स संघाच्या कॅचरांनी तब्बल ४९ पास्ड बॉल (झेलता यायला हवे होते, पण मागे निसटलेले चेंडू) सोडले.

त्यावर मॅनेजर पॉल रिचर्ड्स यांनी १९६० मध्ये हा मोठा मिट, म्हणजे कॅचरचा हातमोजा, काढला. नेहमीच्या मिटच्या जवळपास दीडपट, अक्षरशः परातच. चेंडू अडवण्याचं काम तो चोख करायचा. हात थोडा चुकला तरी चेंडू कडेला लागून पायाशीच पडायचा, मागे पळायचा नाही.

गोची पुढे होती. एवढ्या खोल खिशात चेंडू चाचपडत शोधावा लागायचा आणि तेवढ्यात फर्स्ट बेसवरचा रनर पळत सेकंड बेस गाठायचा. नकल बॉल मुळातच संथ, त्यात ही भर. म्हणून रनर फक्त थर्डवर असेल आणि चेंडू निसटला की धाव जाणार असेल, तेव्हा हाच मिट घेणं शहाणपणाचं होतं. फर्स्टवर चपळ रनर असेल तर दोनदा विचार करावा लागे.

आता मात्र नियमाने कॅचरच्या मिटचा घेर ३८ इंचांच्या पुढे चालत नाही.