सायकलच्या फ्रेमवरचे रंगाचे शिंतोडे: टर्पेंटाइन की थिनर?

घराचे दरवाजे-खिडक्या रंगवताना जवळ उभ्या असलेल्या सायकलवर ऑइल पेंटचे शिंतोडे उडाले, तर पुष्कळजण थेट थिनरची बाटली उघडतात. माझ्या मते मात्र पहिला मान टर्पेंटाइनचा आहे. कारखान्यात भट्टीत भाजून पक्का केलेला फ्रेमचा रंग टर्पेंटाइनला सहसा दाद देत नाही, उलट ताजा शिंतोडा त्याने मऊ पडून सुती फडक्यावर उतरतो. राहिलेला थर प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाने अलगद सरकवावा, ब्लेडने मुळीच खरवडू नये. टर्पेंटाइनचा तेलकट अंश ब्रेकवर किंवा रिमवर राहणार नाही, एवढे मात्र कटाक्षाने पाहावे.

थिनरमध्ये टोल्युइन, अ‍ॅसिटोन यांसारखी तीव्र द्रावके असल्यामुळे पूर्ण वाळलेला डागही तो सोडवतो, परंतु त्याचबरोबर फ्रेमची चकाकी, स्टिकर आणि दुरुस्तीच्या वेळी मारलेला स्प्रेचा रंगही तो विरघळवू शकतो. म्हणून तो वापरायचाच झाला, तर आधी पेडलच्या मागे, सहज न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने तपासून पाहावे आणि काम मोकळ्या हवेत करावे. कार्बनच्या फ्रेमला तो लावूच नये.

भिंतीच्या इमल्शनचे शिंतोडे कोमट साबणपाण्याचे फडके काही वेळ ठेवल्यावर बहुधा सुटतात.