एमटीटी की इम्पिडन्स? पेशींची तब्येत मोजायची कशी

सेल कल्चर करणाऱ्या, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत नवं अनुदान आलं की हा प्रश्न निघतोच: एमटीटी या रंगाच्या चाचणीवरच भागवायचं, की इम्पिडन्सचं, म्हणजे पेशी विजेच्या प्रवाहाला किती अडवतात ते मोजणारं यंत्र घ्यायचं? माझं मत आधी सांगते. औषधाने किती पेशी मेल्या एवढंच हवं असेल तर एमटीटी करा. त्या कधी बिघडायला लागल्या आणि मधल्या काळात काय झालं हे हवं असेल, तर एमटीटीच्या कितीही प्लेट लावा, चित्र तुटकच राहतं.

एमटीटी १९८३ पासून वापरात आहे आणि अजून टिकून आहे ते उगाच नाही. पेशींवर एमटीटी हे पिवळं रसायन टाकायचं. जिवंत पेशींतली एन्झाइम्स त्याचे जांभळे फॉर्मॅझॅनचे स्फटिक करतात. ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ५७० नॅनोमीटरच्या आसपास रीडिंग घ्यायचं. हे रीडिंग घेणारा प्लेट रीडर बहुतेक ठिकाणी असतोच आणि साध्या ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेट स्वस्त असतात. पण रीडिंगसोबत पेशीही संपतात. सहा, चोवीस आणि अठ्ठेचाळीस तास बघायचे तर तीन वेगळ्या प्लेट लागतात, आणि त्या तिन्हींत पेशी सारख्याच पडल्या असं गृहीत धरावं लागतं.

आपल्याकडे वनस्पतींच्या अर्कांवर पुष्कळ काम चालतं, त्यांनी एक गोष्ट जरूर तपासावी. अर्कातली पॉलिफेनॉल्स ही रसायनं पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करू शकतात. मग मेलेल्या पेशीही आकड्यात जिवंत दिसतात. पेशी न टाकता नुसता अर्क आणि मीडियम (पेशी वाढवायचा पोषक द्रव) घातलेल्या वेल प्रत्येक प्लेटमध्ये हव्यातच. त्या नसलेले निकाल मला पटत नाहीत.

इम्पिडन्सची रीत १९८४ मध्ये इव्हार येव्हर आणि चार्ल्स कीस यांनी मांडली. येव्हर हे १९७३ च्या नोबेलचे मानकरी, तेही भौतिकशास्त्रातल्या वेगळ्याच कामासाठी. तिथून ते पेशींकडे वळले, याचं मला फार कौतुक वाटतं. वेलच्या तळाशी सोन्याचे इलेक्ट्रोड असतात आणि त्यांतून अगदी क्षीण एसी प्रवाह सोडतात. पेशीचं पटल प्रवाहाला आडवतं, त्यामुळे पेशी तळाला चिकटून पसरल्या की इम्पिडन्स वाढतो. आखडल्या किंवा सुटल्या की उतरतो. रंग नाही, लेबल नाही. प्लेट इन्क्युबेटरमध्येच राहते आणि दर काही मिनिटांनी आकडा मिळत राहतो.

हा आलेख वाचायला मात्र शिकावं लागतं. पेशी टाकल्यावर पहिल्या काही तासांतली चढण ही विभाजनाची नसते, पेशी नुसत्या बसून पसरत असतात. औषध घालायला प्लेट बाहेर काढली की तापमान बदलतं आणि रेषेला एक झटका बसतो. तो औषधाचा परिणाम समजू नका, औषध न घातलेल्या नियंत्रण वेलमध्येही तो दिसतो. पॅक्लिटॅक्सेलसारखं कर्करोगावरचं औषध दिलं की पेशी विभाजनात अडकून गोल होतात, आणि त्या जिवंत असतानाच आकडा खाली येतो. म्हणजे इम्पिडन्स जीव मोजत नाही, पेशींची तळावरची पकड आणि पसारा मोजतो. सूक्ष्मदर्शकाखाली बघणं सुटत नाही.

ज्यांचं काम के५६२ किंवा जर्कॅटसारख्या, रक्ताच्या कर्करोगातून आलेल्या तरंगत्या पेशींवर आहे त्यांनी हे यंत्र घेऊ नये. तळाला खास लेप देऊन त्या धरून ठेवता येतात, पण रोजच्या कामाला ते परवडत नाही. उलट, रोगप्रतिकार करणाऱ्या टी पेशी कर्करोगाच्या गाठीच्या पेशींना मारतात का हे बघायला इम्पिडन्स फारच सोयीचा: गाठीच्या पेशी चिकटलेल्या, टी पेशी तरंगत्या, त्यामुळे उतरणारी रेषा मुख्यतः गाठीच्या पेशींची असते. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींवर काम असेल तर अनेक फ्रिक्वेन्सीवर मोजणारं यंत्र बघा. कमी फ्रिक्वेन्सीला प्रवाह पेशींच्या खालून आणि मधल्या फटींतून जातो, म्हणून अस्तर किती घट्ट आहे ते कळतं. जास्त फ्रिक्वेन्सीला तो पेशींच्या आरपार जातो, म्हणून तळ किती झाकला गेला ते कळतं.

खर्चाचा हिशेब करताना यंत्राच्या किमतीवरच थांबू नका. सोन्याच्या प्लेट साधारणपणे एकदाच वापरायच्या असतात, आणि अनुदान संपल्यावर खरी अडचण त्यांचीच होते. खरेदीआधी एखाद्या संस्थेत असलेल्या यंत्रावर तुमचीच सेल लाइन (तुम्ही वाढवत असलेल्या पेशी) लावून बघा. आधी वेलमागे किती पेशी टाकायच्या ते ठरवा, पेशी टाकल्यावर प्लेट अर्धा तास बाहेरच स्थिर ठेवा म्हणजे त्या कडेला गोळा होत नाहीत, आणि शेवटी त्याच वेलमध्ये एमटीटी करा. विरघळलेला जांभळा द्रव साध्या प्लेटमध्ये काढून मगच रीडिंग घ्या, कारण सोनं प्रकाश अडवतं.