हात, पट्टा की कडेवर? गर्दीत लहान मुलाला जवळ ठेवण्याच्या साधनांची तुलना

रेल्वे स्थानक, विमानतळ, मोठे प्रदर्शन किंवा क्रीडा संकुल अशा ठिकाणी एक ते तीन वर्षांच्या मुलाला घेऊन जायचे असेल, तर पालकांसमोर साधारण पाच मार्ग असतात. नुसता हात धरणे, मनगटी पट्टा लावणे, दोरी जोडलेले छोटे दप्तर पाठीवर देणे, छातीभोवती हार्नेस बांधणे, किंवा मुलाला मुळात चालूच न देता बाबागाडीत अथवा अंगावरच्या कॅरियरमध्ये ठेवणे. वेष्टनावर यांपैकी प्रत्येकाला ‘सुरक्षित’ असेच म्हटलेले असते, त्यामुळे निवड पुष्कळदा रंगावर किंवा दप्तरावरच्या अस्वलाच्या चेहऱ्यावर होते. माझ्या मते निवड करताना आधी एकच गोष्ट पाहावी: मूल अचानक धावले आणि आपण त्याला अडवले, तर तो हिसका त्याच्या शरीराच्या कोणत्या भागावर बसणार आहे?

या कसोटीवर आपला रोजचा, विश्वासाचा मार्गही पूर्णपणे निर्दोष ठरत नाही. दोन वर्षांच्या मुलाची उंची सर्वसाधारणपणे ८५ ते ८८ सेंटिमीटर असते, म्हणजे मोठ्या माणसाचा हात धरून चालताना त्याला आपला हात सतत खांद्याच्या वर उचलून ठेवावा लागतो. आपण स्वतः पाच मिनिटे हात वर करून चालून पाहिले, तर मूल हात का सोडवून घेते याचे कोडे बऱ्याच अंशी सुटते. त्यातच ते अडखळले किंवा पळू लागले की आपण त्याला हातानेच ओढतो. लहान मुलांच्या कोपरात रेडियस या हाडाचे वरचे टोक कडीसारख्या एका अस्थिबंधाने जागेवर धरलेले असते आणि सरळ ताणलेला हात जोरात ओढला गेल्यास हा अस्थिबंध हाडावरून सरकून सांध्यात अडकू शकतो. एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये ही इजा बरीच आढळते. तसे झाल्यास मूल तो हात वापरायचे थांबवते आणि किंचित वाकवून अंगाशी धरून ठेवते. डॉक्टर बहुधा काही क्षणांत कोपर पूर्ववत बसवतात, पण घरी स्वतः प्रयत्न करू नये, आणि एकदा असे झालेल्या मुलाला ते पुन्हा होण्याची शक्यता असते हेही लक्षात ठेवावे.

मनगटी पट्ट्याविषयी माझे मत अनुकूल नाही, आणि त्याचे कारण हेच कोपर आहे. हाताने धरलेल्या मुलाला वेग घ्यायला जागा नसते. पट्ट्याने बांधलेल्या मुलाला मात्र धावायला अंतर मिळते आणि नंतर संपूर्ण हिसका त्याच मनगटाद्वारे कोपरावर येतो. ताणल्यावर लांब होणारे, स्प्रिंगसारखे वळलेले पट्टे हिसका थोडा मऊ करतात, परंतु ते लांब होतात तेव्हा मूल आणि पालक यांच्यामधून तिसरा माणूस जाऊ शकतो आणि अडखळून पडूही शकतो. शिवाय वेल्क्रोचा आवाज मुलांना फार आवडतो. तो कसा उघडतो हे त्यांना शोधून काढायला वेळ लागत नाही. चार-पाच वर्षांच्या, सांगितलेले समजणाऱ्या मुलासाठी ‘आपण जोडलेले आहोत’ याची आठवण म्हणून हा पट्टा चालू शकतो. नुकत्याच चालू लागलेल्या आणि वाटेल तेव्हा धावणाऱ्या मुलासाठी मी तो घेणार नाही.

उरलेल्या दोन पट्ट्यांची, म्हणजे दप्तराची आणि छातीच्या हार्नेसची, तुलना अधिक बारकाईने करावी लागते, कारण दोन्हींमध्ये ओढ धडावर येते आणि वरवर पाहता ती सारखीच वाटतात. दप्तराचा मोठा फायदा असा की मूल ते आनंदाने घालते. ते त्याचे ‘स्वतःचे’ असते. मात्र लहान मुलांचे खांदे अरुंद आणि उतरते असल्यामुळे दप्तराचे बंद सहज घसरतात, म्हणून छातीवर दोन्ही बंदांना जोडणारी क्लिप नसेल तर ते दप्तर या कामासाठी निरुपयोगी समजावे. दोरी नेमकी कुठे जोडली आहे हेही उलटवून पाहावे. ती दप्तराच्या तळाशी असेल तर ओढ कमरेच्या आसपास बसते, आणि लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असल्यामुळे त्याचा तोल आधीच वरच्या बाजूला असतो. खालून अडवलेले मूल सरळ तोंडावर जाते. दोरी खांद्यांच्या पात्यांमध्ये असेल तर पडण्याचा धोका कमी होतो. दोन वर्षांच्या मुलाचे वजन सुमारे १२ किलो असते, तेव्हा एक किलोचे सामानही त्याच्या वजनाचा बारावा भाग होते. दप्तर जवळजवळ रिकामेच असलेले बरे.

छातीच्या हार्नेसमध्ये रुंद पट्टा छातीभोवती आणि दोन पट्टे खांद्यांवरून जातात, आणि लगाम मागे किंवा दोन्ही बाजूंना जोडलेला असतो. बाजूंना जोडलेल्या प्रकाराचा उपयोग केवळ पळण्याला आवर घालण्यापुरता नाही, तर अडखळलेल्या मुलाला धडापासून सावरता येणे हाही आहे. युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत मुलांच्या कपड्यांच्या खांद्यांना कापडाच्या लांब पट्ट्या शिवत, त्यांचा एक हेतू चालायला शिकणाऱ्या मुलाला आधार देणे हाच होता. तेव्हा हे साधन आजच्या धास्तावलेल्या पालकांनी शोधून काढले, हा समज बरोबर नाही. आज युरोपात या साधनांसाठी ‘ईएन १३२१०’ हे सुरक्षा मानक आहे, आणि खरेदी करताना वेष्टनावर त्याचा उल्लेख आहे का ते पाहावे. हार्नेसची अडचण एवढीच की तो घालायला वेळ लागतो, जाड कपड्यांवर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, आणि काही मुले पहिल्या दिवशी जमिनीवर बसकण मारून निषेध नोंदवतात. घरात दोन-चार दिवस थोडा थोडा वेळ घालून पाहिल्यास हा निषेध बराच ओसरतो.

लगामाच्या लांबीबाबत मोह टाळावा. धावणारे मूल एक मीटर अंतर अर्ध्या-पाऊण सेकंदात कापू शकते, आणि तेवढ्यात आपण फलाटाचा क्रमांक वाचत असलो तर आपल्याला काही कळण्याआधी पट्टा ताणलेला असतो. लांब पट्ट्याने मूल अधिक मोकळे होते असे वाटते, प्रत्यक्षात ते अधिक वेगाने थांबवले जाते. एक मीटरच्या आतला लगाम, तोही हातात थोडा गुंडाळलेला, पुरेसा होतो, आणि मुलाला तो कधीच जाणवू नये इतका सैल ठेवणे हे पालकाच्या चालीवर अवलंबून असते.

काही गोष्टींत तडजोड नको. लगाम बाकाला, खांबाला किंवा सामानाच्या गाडीला बांधून ‘एक मिनिट’ बाजूला जाऊ नये. घसरगुंडीवर किंवा झोक्यावर जाण्याआधी हार्नेस काढून ठेवावा, कारण अडकलेला पट्टा मानेभोवती येऊ शकतो. लहान मुलांच्या कपड्यांना गळ्याशी नाडी नसावी असे सांगतात तेही याच कारणाने. लिफ्टचे दार बंद होण्याआधी मूल आणि पट्टा दोन्ही एकाच बाजूला असले पाहिजेत. सरकत्या जिन्यावर मुलाला सरळ उचलून घ्यावे. आणि चालण्यासाठीचा हार्नेस मोटारीतील आसनाची जागा कधीही घेत नाही.

आता मुलाला चालू न देण्याच्या मार्गांकडे. बाबागाडी लांबच्या प्रतीक्षेसाठी, झोपेच्या वेळेसाठी आणि सोबत सामान असताना उत्तम ठरते, अर्थात खांदे, कंबर आणि पायांमधून येणारा पाच टोकांचा पट्टा प्रत्येक वेळी लावला तर आणि थांबताना ब्रेक दाबला तर. जिने आले की ती ओझे होते, सरकत्या जिन्यावर ती नेऊ नये, आणि दाट गर्दीत मूल लोकांच्या गुडघ्यांच्या आणि लटकत्या पिशव्यांच्या पातळीवर बसलेले असते. कॅरियरमध्ये मूल पालकाच्या अंगाशी आणि गर्दीच्या वर राहते. त्याची वजनमर्यादा उत्पादकाने दिलेली असते, ती पाहावी. झोपलेल्या मुलाची हनुवटी छातीवर टेकणार नाही आणि चेहरा झाकला जाणार नाही इतके लक्ष ठेवावे. १२ किलो पाठीवर घेऊन तासभर चालणे प्रत्येकाच्या कंबरेला झेपत नाही, ही गोष्ट मात्र कोणत्याही वेष्टनावर लिहिलेली नसते.

गर्दी या एकाच शब्दाखाली आपण फार वेगवेगळ्या परिस्थिती घालतो, आणि तिथेच बहुतेक चुका होतात. माणसे एकमेकांना न लागता चालू शकतात तोवर पट्ट्याचा उपयोग आहे. दर चौरस मीटरला पाच किंवा त्याहून अधिक माणसे दाटली की माणूस स्वतःच्या इच्छेने हलेनासा होतो, गर्दी त्याला हलवते. अशा वेळी मोठ्यांच्या कमरेइतक्या उंचीचे मूल पट्ट्याच्या टोकाला असणे हाच धोका होतो, कारण तो पट्टा इतरांच्या पायांत येतो आणि पडलेले मूल कुणालाच दिसत नाही. मुलाची पावले आपल्याला दिसेनाशी झाली की पट्टा गुंडाळावा, मुलाला कडेवर घ्यावे आणि बाहेर पडण्याची वाट धरावी.

मुलाला ‘कुत्र्यासारखे बांधले’ हा शेरा ऐकावा लागतो. हार्नेसमधल्या मुलाचे दोन्ही हात मोकळे असतात, ते थांबू शकते, वाकून दगड उचलू शकते. बाबागाडीत यातले काहीच शक्य नसते आणि तिच्याबद्दल कोणी काही बोलत नाही. शेरा खरा ठरतो तो पालक लगामाने मुलाला दिशा देऊ लागतात तेव्हा. दिशा शब्दांनी आणि हाताने द्यावी, लगाम केवळ सावरण्यासाठी असावा. स्वमग्न मुलांच्या बाबतीत तर हा शेरा विशेष अन्यायकारक आहे: अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार वर्षांवरील अशा मुलांपैकी सुमारे निम्म्या मुलांनी निदान एकदा सुरक्षित जागेतून निघून जाण्याचा प्रयत्न केल्याचे पालकांनी सांगितले होते. त्यांना या साधनाची गरज पुढील वयातही लागू शकते.

जागा दाखवणारे इलेक्ट्रॉनिक टॅग या तुलनेत बसत नाहीत, कारण ते मुलाला रोखत नाहीत. हरवल्यावर शोधायला मदत करतात, तीही नेहमीच नाही. त्यांतील २० मिलिमीटरचा नाण्यासारखा सेल गिळला गेल्यास अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते, म्हणून स्क्रूने बंद होणारे झाकण नसलेला टॅग मुलाच्या अंगावर नको. कपड्याच्या आत लिहिलेला फोन नंबर आणि निघताना काढलेला त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो हे दोन्ही अधिक भरवशाचे आहेत.

एक मूल आणि दोन मोठी माणसे असतील तर बहुतेक वेळा हात आणि कडेवर घेणे पुरते. काहीही विकत घेऊ नये. एकटा पालक आणि दोन मुले असतील तर धाकट्याला कॅरियर आणि धावणाऱ्याला छातीचा हार्नेस ही जोडी मला सर्वांत योग्य वाटते. सामानासह लांबचा प्रवास असेल तर बाबागाडी, आणि पाय मोकळे करण्याच्या वेळेसाठी पिशवीत हार्नेस. मूल हार्नेस घालूच देत नसेल तर छातीवर क्लिप असलेले दप्तर ही दुसरी पसंती. विकत घेण्याआधी मुलाला हार्नेस किंवा दप्तर घालून पट्ट्याखाली दोन बोटे जातात का, मूल स्वतः बकल उघडते का, आणि आपल्याला ते एका हाताने उघडता येते का, हे दुकानातच पाहावे, कारण आपला दुसरा हात तेव्हा रिकामा नसणार.