चेहरा की बोट: फोन कशाने उघडावा?

चेहऱ्याने फोन उघडण्याची खरी किंमत पडद्यावर मोजावी लागते. २०१७ च्या आयफोन टेनमध्ये ॲपलने चेहऱ्यावर अदृश्य इन्फ्रारेड किरणांचे ३०,००० हून अधिक ठिपके टाकून त्याचा त्रिमितीय नकाशा बनवणारी यंत्रणा दिली, आणि त्या सेन्सरसाठी पडद्याच्या माथ्यावर खाच आली. २०१९ च्या पिक्सेल फोरमध्ये गुगलने खाच टाळली, पण वरची कड जाड ठेवावी लागली. जागा कुठून तरी द्यावीच लागते.

बोटाच्या ठशाचा सेन्सर मात्र पडद्याखाली किंवा बाजूच्या बटणात सहज मावतो. ओल्या बोटांनी तो अडतो, हे खरं.

सुरक्षिततेत त्रिमितीय चेहरा सरस आहे. अनोळखी माणसाकडून फोन उघडण्याची शक्यता ॲपल दहा लाखांत एक सांगते, तर एका बोटाच्या ठशासाठी पन्नास हजारांत एक. जुळ्या भावंडांपुढे मात्र हा हिशेब डळमळतो. आणि नुसत्या सेल्फी कॅमेऱ्यावर चालणारी ओळख? काही फोन तर छापील फोटोलाही फसलेत. पैशांचे व्यवहार तिच्यावर सोपवू नयेत.

मी बोटाच्या बाजूने आहे. फोन टेबलावर असतानाच उघडतो, पडदाही अखंड राहतो.